तेच तुणतुणे

एखाद्याच्या बोलण्याचा कंटाळा आला, की 'याचे आपले तेच तुणतुणे' असे म्हणून मोकळे होण्याची सोय मराठीने करून ठेवली आहे. ही सोय आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्यात एका वाद्याची बदनामी दडलेली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुणतुण्याला एक तार असते. ती एक स्वर देते. तो स्वर न ढळता देत राहणे एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. नेमके हेच काम बैठकीत तंबोरा करतो तेव्हा आपण 'स्वराचे अधिष्ठान' वगैरे भाषा वापरतो. आणि हेच काम गोंधळात किंवा तमाशाच्या बोर्डावर तुणतुणे करते तेव्हा ते कटकटीचे प्रतीक ठरते. काम एक, वाद्ये दोन, आणि भाषेचे न्यायही दोन.

आम्हांला आज या दुहेरी न्यायाबद्दल लिहायचे आहे, आणि तेही तारेच्या निमित्ताने. तार म्हणजे अक्षरशः तार. हृदयाची तार, जीवनवीणेच्या तारा, मनाच्या जुळलेल्या किंवा तुटलेल्या तारा यांच्यावर मराठीत इतके लिहून झाले आहे, की त्यांत आणखी भर घालण्याचे धाडस आमच्याकडे नाही. प्रस्तुत लेखातली तार पोलादाची किंवा पितळेची आहे. ती गंजते, तुटते, विकत आणावी लागते आणि खुंटीला गुंडाळावी लागते. मराठी समीक्षेला ही दुसरी तार ठाऊक नाही, आणि पहिलीबद्दलचे तिचे बोलणे त्यामुळेच पोकळ झाले आहे, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे.

निमित्त घडले ते एका दिवाळी अंकातील लेखाचे. अंकाचे आणि लेखकाचे नाव आम्ही देत नाही, कारण दोष त्यांच्या एकट्याचा नाही. लेख वारकऱ्यांच्या विणेवर होता. भाषा ओघवती होती. अनाहत नाद होता, नारद होता, दांडी म्हणजे मेरुदंड आणि भोपळा म्हणजे ब्रह्मांड असे रूपकही होते. लेखासोबत पानभर छायाचित्र होते. गळ्यात वीणा अडकवून उभा असलेला एक वृद्ध विणेकरी, डोळे मिटलेले, कपाळावर बुक्का. आम्ही ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. विणेला खुंट्या चार होत्या. तारा दोनच होत्या आणि त्यांतली एक घोडीपाशी कोयंडा पडल्यासारखी वाकलेली होती. लेखक, संपादक, मुद्रितशोधक, मांडणीकार अशा किती डोळ्यांखालून ते पान गेले असेल. ऱ्हस्वदीर्घाची चूक असती तर कुणीतरी पकडली असती. दोन तारा नाहीत, ही चूक कुणालाच दिसली नाही. आम्ही लेखकमहोदयांस पत्राने विचारले. उत्तर आले, की वीणा हे प्रतीक आहे. तारा किती हा प्रश्न गौण आहे.

हे उत्तर डोक्यात घेऊनच आम्ही चैत्रात तळेघरच्या बाजूला गेलो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरहून आत वळले, की घोडेगाव लागते, मग घोड नदीवरचे डिंभे धरण, आणि धरणाच्या पाण्याला बगल देऊन वर चढत गेले, की भीमाशंकरच्या अलीकडे तळेघर. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा महादेव कोळी समाजाचा. भातखाचरे, हिरड्याची झाडे, आणि पावसाळ्यात चार-चार महिने न उठणारे धुके. हे धुके पुढे लेखात कामाला येणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो. आम्ही गेलो ती वाडी तळेघरपासून जवळच होती. तिथे अखंड हरिनाम सप्ताह चालू होता आणि एका स्नेह्याच्या आग्रहावरून आम्ही दोन रात्रींचे पाहुणे होतो.

ज्यांनी सप्ताह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे सांगणे भाग आहे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला, की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम चालू राहते. रात्री दोन वाजता मंडप रिकामा असतो, कोपऱ्यात दोन पोरे घोंगडीत झोपलेली असतात, आणि मध्यभागी एक माणूस वीणा छेडत उभा असतो. येणारा प्रत्येकजण आधी विणेकऱ्याच्या पायांवर डोके ठेवतो. या दृश्याची भव्यता आम्हांला नाकारायची नाही. पण त्या पहिल्या रात्री आम्ही विणेजवळ कान नेला आणि आम्हांला ऐकू आले ते असे: पेटी काळी दोनमध्ये, आणि वीणा काळी दोनच्या आसपास कुठेतरी भटकणारी. चार तारांपैकी पंचमाची तार नव्हतीच. जोडीच्या दोन तारांपैकी एक तांबूस पडलेली, बोट फिरवले तर बोटाला गंज लागणारी. दुसरी जरा चकचकीत. खर्जाची पितळी तार काळवंडलेली, पण शाबूत.

ती चकचकीत तार मोटारसायकलच्या क्लच-वायरमधली होती.

वायरचा एकच पदर उलगडून काढून तो विणेला लावलेला होता. येथे शहरी वाचक दोन प्रकारे वागतो. एकतर तो हसतो, किंवा त्याचे डोळे भरून येतात आणि तो 'लोककलेची विलक्षण सर्जनशीलता' या विषयावर निबंध लिहायला बसतो. आमच्या मते हे दोघेही सारखेच अपराधी आहेत. दुसरा थोडा अधिक. कारण पहिला निदान वीणा नीट नाही हे मान्य करतो. दुसरा मात्र अडचणीलाच शैली ठरवतो, आणि एकदा अडचण ही शैली ठरली, की ती दूर करण्याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

विणेकरी बाबा सत्तरीच्या पुढचे. आम्ही त्यांना विचारले, "बाबा, हीच तार का?" आम्हांला वाटले होते, की 'तार काय, कोणती का असंना' असे काही ऐकायला मिळेल. कारण लोकवाद्यांविषयीच्या आमच्या वाचनाने आम्हांला तेवढेच शिकवले होते. बाबांनी जे सांगितले ते असे: "माऊली, आधी कुंपणाची लावली व्हती. ती वाकती, पर बोलत न्हाई. ताणली का लांबती. मंग ब्रेकची पाहिली, ती जाड. खुंटी धरीना. ही पदराची धरती. पर हिला गाठ हाय मधी, त्या गाठीपाशी आवाज फाटतो."

वाचकहो, या चार-पाच वाक्यांत धातुशास्त्राचा एक धडा आहे. कुंपणाची तार मऊ लोखंडाची असते. तिच्यात कर्ब कमी असतो, म्हणून ताण दिला की ती परत न येता लांबतच जाते. केबलमधल्या पदराचे पोलाद कठीण असते, ते ताण सोसते. पण तो पदर पिळातून सोडवलेला असल्यामुळे सरळ नसतो, आणि जिथे वाक राहतो तिथे तार सारखेपणाने हलत नाही. असमान तार एक स्वर देतच नाही. तिचे उपस्वर मूळ स्वराशी फटकून वागतात. यालाच बाबा आवाज फाटणे म्हणत होते. आमच्या दिवाळी अंकाच्या लेखकाला जी गोष्ट गौण वाटली, तिच्यासाठी या माणसाने तीन प्रकारच्या तारा आणून, लावून, ऐकून, नाकारून पाहिल्या होत्या. त्याच वाडीत तुणतुणे होते. त्याला तंगूस लावलेला होता, डिंभ्याच्या जलाशयात मासे धरायला वापरतात तो. त्यावरही बाबांचे मत तयार होते: तंगूस गंजत नाही हे खरे, पण तासाभरात उतरतो.

'लोककलेला कशीही तार चालते' हे वाक्य लोकांचे नाही. ते आपले आहे. हिरडा वेचणारा माणूस बाळहिरडा कोणता आणि मोठा हिरडा कोणता हे अंधारात हाताने सांगतो, कारण दोहोंच्या भावात फरक असतो आणि त्या फरकावर त्याचे घर चालते. त्याला तारेतला फरक कळत नाही, असे मानण्यामागे अज्ञान असेल तर ते आपल्याकडे आहे.

आता थोडे तारेच्या स्वभावाविषयी. साहित्याच्या पानावर असले काही लिहू नये असा संकेत आहे, परंतु तो संकेतच आम्हांला मोडायचा आहे.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर लांबीमागचे वजन. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली हे नियम ग्रंथात मांडले. विणेची लांबी कारागिराने ठरवून टाकलेली असते. कोणत्या पट्टीत गायचे हे गाणारे ठरवतात. मग उरले काय? तारेची जाडी आणि ताण. आणि या दोहोंचे नाते फार कडक आहे. तीच तार एक पूर्ण स्वर वर चढवायची तर ताण सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. तोच स्वर दुप्पट जाडीच्या तारेतून काढायचा तर ताण चौपट लागतो. त्यामुळे जाड तार लावली की खुंटी सरकते, तबलीवर भार येतो, आणि माणूस कंटाळून तार उतरवतो. मग ती ढिली तार घोडीवर नुसती फडफडते. बारीक तार लावली तर ती जोराने छेडल्यावर वर जाते आणि हळूहळू खाली येते, म्हणजे प्रत्येक आघाताला दोन स्वर. बाबांची वीणा पेटीच्या आसपास भटकत होती ती यामुळे. त्यात भक्तिभावाचा काहीही दोष नव्हता.

या जाडीला नंबर असतात आणि तिथे दुसरा गोंधळ सुरू होतो. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात तीस नंबरची तार ०.३१५ मिलिमीटरची आणि अठ्ठावीस नंबरची ०.३७६ मिलिमीटरची, म्हणजे नंबर वाढला की तार बारीक. पियानोच्या तारेच्या मापात नेमके उलटे, नंबर वाढला की तार जाड. दुकानदार नुसता नंबर सांगतो तेव्हा तो कोणत्या मापातला, हे विचारायला हवे. पण विचारण्यासाठी आधी दोन मापे आहेत हे माहीत हवे. पुण्यात गिटार शिकणारा सोळा वर्षांचा मुलगा 'दहाचा सेट द्या' असे म्हणतो आणि त्याला सहा तारांचे पाकीट मिळते, ज्यावर प्रत्येक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेली असते: सर्वांत बारीक ०.०१०, सर्वांत जाड ०.०४६. सेट कधी बदलायचा, घाम कसा पुसायचा, नवी तार बसेपर्यंत किती वेळा लावून घ्यावी लागते, हे सारे त्याला सांगणारी माणसे आणि चित्रफिती उदंड आहेत. आमचा गिटारवर राग नाही. उलट आम्ही म्हणतो, की गिटारवाल्यांनी तारेला तारेसारखे वागवले म्हणून त्यांचे वाद्य वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचले. विणेची तार असे पाकीट आम्ही आजवर एकाही दुकानात पाहिलेले नाही. सतारीची तार मिळते, तंबोऱ्याची मिळते. वीणा आणि तुणतुणे यांनी त्यातूनच उरलेसुरले घ्यावे अशी व्यवस्था आहे.

येथे कुणी मिरजेचे नाव घेईल. घ्यावेच. मिरजेच्या सतारमेकरांनी तारवाद्यांची जी परंपरा उभी केली तिच्याविषयी आम्हांला आदर आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंदही आहे. त्या तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात भीमेच्या काठी पिकतात. आणि ती भीमा उगम पावते ती तळेघरच्या माथ्यावरच्या भीमाशंकरी. म्हणजे पाणी इथले, भोपळा तिथला. त्या भोपळ्याचा तंबोरा झाला, की त्याच्या जोडीच्या तारा किती जाडीच्या असाव्यात, पुरुषाच्या आणि बाईच्या पट्टीसाठी पंचमाची तार कोणत्या धातूची असावी, जवारी कशी काढावी आणि घोडीवर तारेखाली सुती दोरा नेमका कुठे सरकवावा, यावर जाणकार तासन्‌तास बोलतात. वरच्या गावातल्या विणेला मात्र तारा किती हा प्रश्न गौण! चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाला १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या घोडीवर आणि तिच्यावरल्या त्या दोऱ्यावर शोधनिबंध लिहावासा वाटला. जो उपस्वर नियमाने ऐकू यायला नको तोही या घोडीमुळे कसा ऐकू येतो, हे त्यांनी दाखवले. रामन यांना जे गौण वाटले नाही ते मराठी ललित लेखकाला गौण वाटावे, याला काय म्हणावे?

आमच्यावर असा आक्षेप येईल, की हे शास्त्रज्ञांचे आणि कारागिरांचे काम. साहित्यिकाने भाव पाहावा. या आक्षेपाला उत्तर देवगिरीने सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. तेराव्या शतकात यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री विणेचे वर्णन आहे. तिच्या दर्शनाने आणि स्पर्शाने भोग, स्वर्ग आणि मोक्षही मिळतो, असे माहात्म्य त्याने सांगितले आहे. आणि त्याच प्रकरणात दांडीची लांबी, भोपळ्याची जागा, तंत्री कशाची असावी आणि ती घोडीवर कशी बसवावी हेही बोटाच्या मापांनी सांगितले आहे. ज्याला त्या विणेत मोक्ष दिसत होता त्याला तिची तारही दिसत होती. भाव आणि मोजमाप यांची फारकत त्याने केली नाही. ती आपण केली, आणि तीही अलीकडे. आधुनिक काळात अशोक दा. रानडे यांच्यासारखा अपवाद आहे; 'लोकसंगीतशास्त्र' हे त्यांचे पुस्तक १९७५ चे. लोकसंगीताला शास्त्र असू शकते, हे शीर्षकातच ठासून सांगणारे ते पुस्तक. त्यानंतर पन्नास वर्षे उलटली. आपण त्या पुस्तकाचा गौरव केला आणि ते कपाटात ठेवले. विणेचेही आपण तेच करतो.

शासनाचे म्हणाल, तर शासन समीक्षकांपेक्षा वेगळे कसे असेल? २०२५ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास राज्य शासनाने १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. बेरीज साडेचार कोटींची. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण त्या अनुदानाचे नाव वाचा: भांडवली अनुदान. पेटी घ्या, पखवाज घ्या, वीणा घ्या. वाद्य हे भांडवल आणि तार हा खर्च, असा हिशेबनिसाचा भेद त्यात आहे, आणि हिशेबनीस म्हणून तो बरोबरही असेल. मात्र वीणा पन्नास वर्षे टिकते आणि तळेघरच्या धुक्यात तिची पोलादी तार एका पावसाळ्यात जाते. पेटीच्या दुरुस्तीला माणूस तालुक्याला मिळतो, पखवाजाला शाई भरणारा कुठेतरी भेटतो. तारेसाठी पुणे गाठावे लागते, आणि पुण्यात जाऊन काय मागायचे हे विणेवर कुठेही लिहिलेले नसते. नवी वीणा आली की तिचे पूजन होते, छायाचित्र निघते. तार बदलल्याचे छायाचित्र कुणी काढलेले आम्हांला ठाऊक नाही.

'आता मोबाइलमध्येच तंबोरा मिळतो, मग कशाला ही यातायात', असेही एक मत आहे. त्यावर फार शब्द खर्चण्याची आमची इच्छा नाही. तुणतुण्याचे जे झाले ते नारायणगावला जाऊन पाहावे. तमाशाची पंढरी म्हणतात ते हे गाव तळेघरहून फार दूर नाही, शेजारच्या जुन्नर तालुक्यात. गुढीपाडव्याला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात आज फडांच्या सामानात कीबोर्ड आहे, ऑक्टोपॅड आहे, भलेथोरले ध्वनिवर्धक आहेत. झिलकऱ्याच्या हातातले तुणतुणे कधी दिसते, कधी नुसतेच हातात असते. ज्या वाद्याची तार नीट नाही ते आधी आवाज गमावते, मग शोभेचे होते, आणि मग अभ्यासकांना त्याच्याविषयी गहिवर येतो. हा क्रम चुकल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

आणि हे सारे लिहिताना आमच्या घरच्या तंबोऱ्याची कबुली दिली नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. वडिलांचा तंबोरा आमच्याकडे गवसणीत घालून कपाटाच्या माथ्यावर ठेवलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही तो दाखवत असू. आतून काढला तेव्हा जोडीच्या तारा घोडीपाशी हात लावताच तुटल्या, इतका गंज. खर्जाच्या तारेने घोडीत खाच पाडलेली. आम्ही अकरा वर्षे त्या तारांवर एक ओलसर फडके, म्हणजे गवसणी, टाकून ठेवले होते आणि त्याला जतन म्हणत होतो. तंबोरा लावून ठेवला असता तर तारा बदलाव्या लागल्या असत्या. बदलाव्या लागल्या असत्या तर कुणाकडून तरी शिकावे लागले असते. वाडीत आम्ही तारा घेऊन गेलो होतो त्या या प्रायश्चित्ताचा भाग म्हणून. उपकार म्हणून नव्हे.

तारा आमच्या पिशवीत होत्या: पोलादी, दोन वेगळ्या जाडीच्या, आणि पितळी. पण सप्ताहाचा तिसरा दिवस होता आणि वीणा खाली ठेवायची नव्हती. आम्ही संकोचाने म्हटले, "बाबा, सप्ताह उठल्यावर बदलू." आम्हांला वाटले, परंपरेचा मान राखण्याची हीच रीत. बाबा आमच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वीणा खाली ठेवायची न्हाई. तार बदलायची न्हाई असं कोन म्हनलं?"

पहाटे काकड्याच्या आधी, पहारा बदलताना, हे काम झाले. ते कसे झाले हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण आम्ही वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात ते नाही. नव्या पहाऱ्याच्या तरुणाने वीणा गळ्यात घेतली आणि दोन्ही हातांनी भोपळा पोटाशी धरून तो उभा राहिला. बाबा शेजारी उभे राहून खर्जाच्या तारेवर आणि त्या क्लचच्या पदरावर आघात करत राहिले, तोंडाने नाम चालू. आम्ही फक्त गंजलेली तार उतरवली. एका वेळी एकच, म्हणजे दांडीवरचा आणि तबलीवरचा भार एकदम सुटत नाही आणि चालू स्वरही थांबत नाही. नव्या तारेला खालच्या टोकाला फास वळला, तो अडकवला, तार घोडीवरून घेतली, वर खुंटीला तीन वेढे दिले. खुंटी सरकू नये म्हणून तिला खडू लावायचा असतो. खडू नव्हता, तर कुणीतरी चुलीतली राख चिमूटभर आणली आणि ती चालली. पेटीवाल्याने काळी दोन धरून ठेवली. तार वर आली, पुन्हा उतरली, पुन्हा आणली. नवी तार पहिला दिवस अशीच दगा देते. ती ओढून, लावून, पुन्हा ओढून बसवावी लागते. मग दुसरी जोडीची. त्या वेळी बाबांचे बोट खर्जावर आणि नव्या जोडीवर होते. शेवटी पंचम. खर्ज बदलला नाही, तो नुसता कोरड्या फडक्याने पुसला, कारण तो अजून बोलत होता.

पंचम लागला आणि चार तारा एका फेऱ्यात वाजल्या तेव्हा मंडपात आठ-दहा माणसे असतील. कुणी काही बोलले नाही. पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढला. पेटी थांबली तरी स्वर थांबला नाही, आणि काकड्याचा पहिला अभंग त्या दिवशी विणेच्या स्वरावर उचलला गेला. बाबांनी एकदाच मान हलवली. दुपारपर्यंत जोडीची एक तार दोनदा उतरली आणि दोन्ही वेळा त्या पहाऱ्याच्या पोराने, आम्हांला न विचारता, ती जागेवर आणली.

निघताना त्याने आमच्याकडून तारांची जाडी मिलिमीटरमध्ये विचारून घेतली, नंबर नको म्हणाला, कारण नंबराचा गोंधळ आम्ही त्याला आदल्या रात्रीच सांगितला होता. तीन आकडे त्याने मोबाइलमध्ये लिहिले आणि मग खात्री नसावी म्हणून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनानेही लिहिले. पावसाळ्यात तारा ढिल्या करून ठेवायच्या की नाही यावर त्याचा आणि बाबांचा वाद सुरू झाला. बाबांचे म्हणणे, हरिपाठ रोज असतो, ढिल्या कशाला करायच्या. रोज हात फिरला तर गंज चढतो कशाला? त्या वादात आम्ही पडलो नाही.

काढलेल्या तारा खाली सतरंजीवर पडल्या होत्या. गंजलेली आम्ही उचलून पिशवीत टाकली. क्लचचा पदर मात्र बाबांनी आमच्या हातातून घेतला, बोटाभोवती नीट गुंडाळला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"असूं द्या," ते म्हणाले, "तुणतुण्याला व्हईल."